स्वयंपाकघराचा रविवार

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास दादरच्या गोखले रस्त्यावर ‘प्रकाश’ आणि ‘आस्वाद’च्या दाराशी, माटुंग्यात ‘कॅफे मद्रास’ आणि ‘राम आश्रय’समोर, ठाण्यात मामलेदार मिसळीपाशी किंवा पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या ‘वैशाली’बाहेर माणसे आपल्या नावाचा पुकारा होण्याची वाट पाहत उभी असतात. नाशिकात तर मिसळ खायला सहकुटुंब शहराबाहेर जाण्याची रीतच पडली आहे. नाश्त्याला उशीर आणि जेवणाला लवकर अशा या वेळी मंडळी भरपेट खातात, आणि मग दुपारचे जेवण एक तर टळते, नाहीतर ताकभातावर भागते. कोणी याला ब्रंच म्हणतो, कोणी नुसता रविवारचा नाश्ता. नाव काहीही असो, त्याकडे पाहताना आपल्या मनात थोडी अपराधी भावना असते. पैसे उधळले, जिभेचे चोचले पुरवले, घरचे सोडून बाहेरचे खाल्ले, असे बोल घरातल्या घरातच ऐकू येतात. मला हे बोल अन्यायाचे वाटतात. आठवड्याच्या सुट्टीची जी मागणी याच मुंबईत सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी मान्य झाली, ती स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी येऊन थांबली आहे. घराजवळच्या साध्या उपाहारगृहातले रविवारचे उशिराचे खाणे ती उंबरठ्याच्या आत नेते. म्हणून त्याला चैनीच्या खात्यात टाकू नये, असे माझे म्हणणे आहे.

रविवारची सुट्टी आज इतकी अंगवळणी पडली आहे, की ती कोणी तरी भांडून मिळवली हे लक्षातही येत नाही. १८८० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत कामगार उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत राबत आणि त्यांना आठवड्याचा ठरलेला मोकळा दिवस नसे. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये या कामगारांना संघटित केले आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सरकारी आयोगापुढे ठेवले. त्यात रविवारच्या सुट्टीची मागणी होती. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली आणि त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी कारखान्यांच्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. ज्या काळात चारचौघांत तोंड उघडणे बाईला शोभत नाही असे मानले जाई, त्या काळात दोन गिरणी कामगार स्त्रिया जाहीर सभेत रविवार मागत होत्या, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यांच्या मागणीमुळे गिरणीचा भोंगा आठवड्यातून एक दिवस बंद झाला. घरची चूल मात्र त्याही दिवशी पेटतच राहिली. कायद्याचा हात गिरणीच्या फाटकापर्यंत पोहोचला, घरापर्यंत नाही.

आजची स्थिती आकड्यांत पाहता येते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे. यातला पुरुषांचा आकडा फक्त कामाला हात लावणाऱ्यांचा आहे. जे लावतच नाहीत ते या सरासरीत धरलेले नाहीत. २०१९ च्या सर्वेक्षणात हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत दोघांचाही वेळ थोडा कमी झाला, पण दोघांमधले अंतर साडेतीन तासांच्या थोडे आत होते, ते तिथेच राहिले. हे आकडे रोजचे आहेत. आपल्या घरांत रविवारी त्यात भर पडते. डबे नसतात खरे, पण सगळे घरात असतात आणि प्रत्येकाला काही तरी खास हवे असते. इडली हवी तर डाळ-तांदूळ आदल्या दिवशी भिजत घालायचे आणि रात्री वाटून आंबायला ठेवायचे. मिसळ हवी तर मटकीला मोड आणायला गुरुवार-शुक्रवारपासून तयारी. साबुदाणा रात्री भिजवायचा, सकाळी दाणे भाजून कूट करायचा. थालीपीठ तव्यावर एकेकच लागते, त्यामुळे थापणारी सगळ्यांच्या शेवटी खाते. नाश्त्याच्या बशा विसळून होतात तोच दुपारच्या मटणाच्या किंवा पुरीभाजीच्या तयारीला लागावे लागते. घरातल्या इतरांचा रविवार सुरू होतो तेव्हा तिचा आठवड्यातला सर्वांत जड दिवस सुरू होतो.

रांधणाऱ्याला सुट्टी हवी हे आपल्या समाजाला कळत नाही असेही नाही. पुण्यातल्या किंवा कोणत्याही विद्यार्थ्यांच्या गावातल्या मेस पाहाव्यात. रविवारी दुपारी गोडाधोडाचे किंवा सामिष जेवण आणि संध्याकाळी मेस बंद, हा नियम कित्येक वर्षे चालत आला आहे. सदस्य त्यावर कुरकुरत नाहीत. संध्याकाळची सोय आपली आपण पाहतात. पैसे घेऊन जेवू घालणाऱ्याला अर्धा दिवस मोकळा मिळतो, कारण तिथे स्वयंपाक हे काम आहे हे सगळ्यांना मान्य असते. गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांची हकीगतही हेच शिकवते. गावाकडून एकट्या आलेल्या कामगारांना या बायका आपल्या छोट्याशा खोलीत रांधून घालत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने त्यांना एकत्र आणले, त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले आणि तेव्हा कुठे त्यांच्या श्रमाला धंद्याची मान्यता मिळाली. घरात हेच काम होते तेव्हा त्याला आपण प्रेम म्हणतो, हौस म्हणतो, संस्कार म्हणतो. ते खरेही असेल. पण प्रेमाने केलेल्या कामानेसुद्धा पाठ दुखते आणि हौसेलाही विसावा लागतो.

आता प्रश्न असा, की नुसत्या नाश्त्याने काय साधते? इथे वेळेचे महत्त्व आहे. सकाळी आठ वाजता बाहेर पोहे खाऊन आलेले कुटुंब एक वाजता पुन्हा ताटावर बसते. घरच्या स्वयंपाकाची एक फेरी वाचते, मुख्य फेरी तशीच राहते. दहा-साडेदहाला मिसळपाव, त्यावर दही, नंतर साबुदाणा वडा आणि पीयूष अशी न्याहारी झाली, की दुपारचा पूर्ण स्वयंपाक गळून पडतो आणि संध्याकाळी खिचडी-पापडावर निभावते. दोन जेवणे एकत्र करण्याची ही कल्पना इंग्लंडमध्ये १८९५ साली गाय बेरिंजर या लेखकाने ‘हंटर्स वीकली’त मांडली, असे सांगितले जाते. शनिवारी रात्री उशिरापर्यंत जागणाऱ्यांना रविवारी सकाळी लवकर उठावे लागू नये, आणि चार लोकांनी मिळून निवांत खावे, हा त्यामागचा हेतू होता. मुंबईच्या गिरण्यांना रविवार मिळून तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती. बेरिंजरच्या डोळ्यांपुढे जागरणे करणारा सुखवस्तू वर्ग होता. आपल्याला त्याच कल्पनेचा वेगळा उपयोग आहे. आपल्याकडे ही वेळ झोपणाऱ्यासाठी जेवढी सोयीची आहे, त्याहून रांधणाऱ्यासाठी जास्त आहे, कारण ओट्यापुढचे सलग चार-पाच तास ती मोकळे करते.

त्यासाठी उपाहारगृह घराजवळचेच हवे, हा माझ्या म्हणण्याचा महत्त्वाचा भाग आहे. मोठ्या हॉटेलांतही रविवारचा ब्रंच असतो. तिथे आधी नाव नोंदवावे लागते, गाडी काढावी लागते, कपडे पाहावे लागतात आणि एका माणसाच्या पैशांत कोपऱ्यावर अख्खे कुटुंब जेवते. ज्या सुट्टीची तयारी करावी लागते ती वर्षातून दोनदा होते. दर आठवड्याला व्हायची तर ती चालत जाण्याच्या अंतरावर हवी, म्हणजे गुडघे दुखणाऱ्या आजीलाही हळूहळू पोहोचता येईल. शिवाय अशा जागेचे अर्थकारणच वेगळे असते. तिथे पदार्थ मोजके असतात. पीठ, उसळ, चटणी, बटाट्याची भाजी यांचा मोठा घाणा एकदाच होतो आणि तो शेकडो बशांत वाटला जातो. घरी चौघांनी चार वेगळे पदार्थ मागितले तर चौपट काम पडते; इथे एक मसाला डोसा, एक मिसळ, एक उपमा आणि एक थालीपीठ मागवले तरी कोणाच्याच वाट्याला जास्तीचे ओझे येत नाही. टेबल लवकर रिकामे होते म्हणून भाव आवाक्यात राहतो. वाढप्याला आपली आवड ठाऊक असते, गल्ल्यावरच्या मालकाला आपले मूल कितवीत आहे हे माहीत असते. वरच्या मजल्यावरचे, समोरच्या चाळीतले, एरवी लिफ्टमध्ये नुसती मान हलवणारे लोक शेजारच्या टेबलावर भेटतात. पणजीच्या ‘कॅफे ताटो’त भाजीपाव खाणाऱ्यांना आणि डेक्कनवरच्या १९३५ सालच्या ‘गुडलक’मध्ये बनमस्का खाणाऱ्यांना ही ओळखदेख नवी नाही.

ही टेबलेही सहजासहजी खुली झालेली नाहीत. कोल्हापुरात गंगाराम कांबळे या दलित माणसाला छत्रपती शाहू महाराजांनी हॉटेल काढायला पाठबळ दिले आणि स्वतः तिथे थांबून चहा घेतला, कारण एका माणसाच्या हातचा चहा पिणे न पिणे हा त्या काळी जातीचा प्रश्न होता. १९५० मध्ये अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत जात, धर्म, लिंग यांवरून कोणाला अडवता येणार नाही असे स्पष्ट लिहावे लागले. स्त्रियांच्या बाबतीत दार उघडे असूनही आत जाणे सोपे नव्हते. जुन्या इराण्यांच्या आणि उडप्यांच्या हॉटेलांतल्या ‘फॅमिली रूम’ त्याची साक्ष देतात. पडद्याआड, नवऱ्यासोबत किंवा मुलाबाळांसह बाई तिथे बसू शके. २०११ च्या ‘व्हाय लॉइटर’ या पुस्तकात शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईसंदर्भात दाखवून दिले, की बाईला सार्वजनिक जागी असण्यासाठी सतत काही तरी कारण दाखवावे लागते. घरची बाई रविवारी भर वस्तीतल्या उपाहारगृहात, मधल्या टेबलावर, कोणतेही काम न करता तासभर बसते आणि आधी तिच्यापुढे बशी येते, यात म्हणूनच पोटभर खाण्याहून अधिक काही घडते.

यावर पहिला आक्षेप पैशाचा. घरी त्याच पैशांत आठवडाभराचा नाश्ता होईल, हे खरे आहे. परंतु त्या हिशेबात रांधणाऱ्याचा वेळ फुकट धरलेला असतो. बाजारात ज्याला मोल आहे ते श्रम घरात शून्य धरायचे आणि मग बाहेरचे महाग म्हणायचे, हा हिशेब चुकीचा आहे. ज्या घरांना दर रविवारी परवडत नाही त्यांनी महिन्यातून एकदा जावे, किंवा एक बशी कमी मागवावी. ज्यांना तेही परवडत नाही अशी घरे आपल्या भोवती पुष्कळ आहेत, आणि त्यांना या लेखाने काही देता येत नाही, हे मान्य केले पाहिजे. दुसरा आक्षेप प्रकृतीचा. तर्री, बटाटेवडे, डोशावरचे लोणी यांनी तब्येत सुधारत नाही. त्याला उत्तर निवडीत आहे: इडली, उपमा, थालीपीठ, घावन हे सगळे त्याच पत्रकावर असते. मधुमेहाची औषधे किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी मात्र उपाशीपोटी साडेदहापर्यंत थांबू नये. त्यांनी आपल्या वेळेवर घरी थोडे खाऊन निघावे. आणि घरचा रविवार तरी कुठे पथ्याचा असतो? पुऱ्या, भजी आणि श्रीखंड आपल्या स्वयंपाकघरातही रविवारीच होतात.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मला पटतोही. प्रश्न स्त्रीच्या सुट्टीचा असेल तर पुरुषांनी स्वयंपाकघरात जावे. हॉटेलात नेणे ही पळवाट झाली. ८८ मिनिटांचा आकडा पाहता हे म्हणणे रास्तच आहे. नवऱ्याने वर्षभर कांदा चिरायचा नाही आणि रविवारी बिल भरून मोकळे व्हायचे, याला सुट्टी देणे म्हणता येणार नाही. तरीही दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कामाची वाटणी ही सात दिवसांची गोष्ट आहे आणि ती झालीच पाहिजे. सुट्टीचा अर्थ त्या दिवशी ते काम कोणाच्याच वाट्याला न येणे. पुरुष रांधू लागले की त्यांनाही रविवार लागेल. शिवाय घरात पुरुष रांधतो तेव्हा हळद कुठे, मीठ किती, कढई कोणती हे बाईलाच विचारले जाते, आणि नंतरचा ओटाही तीच पुसते, अशी घरे अजून थोडी नाहीत. घराबाहेर पडल्यावर ही देखरेखही थांबते. याच कारणासाठी अॅपवरून मागवणे मला पुरेसे वाटत नाही. डबे उघडायचे, ताटल्यांत काढायचे, ज्याला जे हवे ते हातात द्यायचे, खरकटे आवरायचे ही कामे घरात राहतात आणि ती कोण करते हे सांगायला नको. त्यात भर पावसात दुचाकीवरून धावणाऱ्या एका माणसाच्या रविवारचीही भर पडते.

सर्वांत अवघड आक्षेप शेवटचा आहे. एका घराच्या सुट्टीसाठी भटारखान्यातल्या आचाऱ्याने, वाढप्याने आणि मोरीवर भांडी घासणाऱ्याने रविवारी दुप्पट राबायचे, हा न्याय आहे का? या प्रश्नाचे उत्तर टाळले तर माझे सगळे म्हणणे कोसळेल. घरातली बाई आणि उपाहारगृहातला कामगार यांत एक फरक आहे: त्याचे काम कामच मानले जाते, त्यामुळे त्याच्या सुट्टीचा कायदा होऊ शकतो आणि झालाही आहे. दुकाने, उपाहारगृहे आणि नाट्यगृहे यांतल्या नोकरांना आठवड्याची सुट्टी देणारा केंद्रीय कायदा १९४२ साली आला, म्हणजे गिरण्यांच्या रविवारनंतर तब्बल ५२ वर्षांनी. १९४८ मध्ये मुंबई प्रांताने दुकाने व आस्थापनांचा कायदा केला. त्याच्या जागी आलेल्या २०१७ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने व्यवसाय आठवड्याचे सातही दिवस उघडा ठेवायला मुभा दिली, पण प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी बंधनकारक केली. सुट्टीचा वार कोणता हा सोयीचा प्रश्न आहे. सुट्टी मिळते की नाही हा न्यायाचा प्रश्न आहे. माटुंग्याचे ‘कॅफे मद्रास’ सोमवारी बंद असते, आणि त्यामुळे त्याचे गिऱ्हाईक तुटलेले नाही.

कायद्याने प्रश्न मिटला असे मात्र नाही. २०१७ च्या कायद्याच्या बहुतेक तरतुदी लावताना दहा कामगारांची रेषा आखली गेली आणि त्याहून लहान आस्थापना त्यांतून सुटल्या. म्हणजे ज्या छोट्या, आपुलकीच्या उपाहारगृहांची मी बाजू मांडतो आहे, तिथल्याच कामगाराचे संरक्षण सर्वांत तोकडे आहे. तिथले पुष्कळ कामगार गाव सोडून आलेले असतात, दुकानाच्याच पोटमाळ्यावर झोपतात. सोमवारची सुट्टी मिळाली तरी त्यांची बायकामुले दूर गावी असतात. हे दुःख ग्राहकाच्या चांगुलपणाने संपणार नाही. सुट्टीची तरतूद लहान आस्थापनांनाही लागू झाली पाहिजे. पण ग्राहकाच्या अपेक्षा बदलल्या की धंदा बदलतो, याचा दाखला याच क्षेत्रात आहे. एके काळी टेबल पुसणारा लहान मुलगा कोणाला खटकत नसे. १० ऑक्टोबर २००६ पासून ढाबे, उपाहारगृहे आणि घरकाम यांत चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवण्यावर केंद्र सरकारने बंदी घातली, आणि आज तसा मुलगा दिसला तर निदान काही ग्राहक तरी मालकाला जाब विचारतात. आठवड्याच्या सुट्टीबद्दलही असेच विचारता आले पाहिजे.

म्हणून रविवारच्या या खाण्याला मी काही अटी घालीन. कुठे आणि केव्हा जायचे हे घरात रोज जी रांधते तिने ठरवावे. दुपारचा स्वयंपाक त्या दिवशी खरोखर रद्द करावा, नाहीतर सगळा खटाटोप वाया गेला. बाहेर माणसे ताटकळत असतील तर खाऊन झाल्यावर टेबल अडवू नये. गप्पा पुढे चालवायला बाग आहे, कट्टा आहे. वाढप्याला नावाने हाक मारावी, बक्षिसी त्याच्या हातात द्यावी आणि त्याची सुट्टी कोणत्या वारी असते हे एकदा मालकाला सहज विचारावे. ‘आज बंद’ची पाटी दिसली तर चिडू नये, कारण ती पाटी म्हणजे आतल्या माणसांचा रविवार आहे. घरी स्वयंपाकाला बाई येत असेल तर आपण बाहेर खाणार त्या दिवसाचा पगार न कापता तिलाही ती सुट्टी द्यावी. या अटी पाळल्या तर कोपऱ्यावरच्या उपाहारगृहातली ती तासाभराची बैठक घरातल्या आणि भटारखान्यातल्या, अशा दोन्ही रांधणाऱ्यांच्या बाजूने उभी राहील. त्या पाळल्या नाहीत तर एकाचे ओझे दुसऱ्याच्या पाठीवर टाकण्यापलीकडे आपण काहीच केलेले नसेल.